आरोपी म्हातारे झाल्यावर चौकशी करून काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत मिशिगनसारखी राज्यं बॉय स्काउट्समधली तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मुलांच्या लैंगिक छळाची प्रकरणं आता सरकारी पातळीवर उकरून काढतायत. त्यातले कित्येक आरोपी एव्हाना वारले, उरलेले काठी टेकत चालतात. मग हा खटाटोप कशासाठी? आणि ठाण्यात कुणाला असं करायचं झालं तर होईल का?

मी वकील नाही. पाचपाखाडीत एका सीएकडे बावीस वर्षं ट्रस्टांची ऑडिटं करतो. संस्थांच्या कपाटांतली धूळ खाणं हाच धंदा, म्हणून उत्तरही कपाटापासूनच सुरू करतो.

२०१६ साली ठाण्यातल्याच एका संस्थेचं ऑडिट माझ्याकडे आलं. ती मुलांची शिबिरं भरवायची. नाव सांगणार नाही, आणि ती स्काउटची नव्हती. जुन्या पावत्या शोधताना एक लांबट रजिस्टर हाती लागलं, पुठ्ठ्यावर ‘शिबिरप्रमुख’ असं लिहिलेलं. कुठल्या शिबिराला कोण गेलं, प्रवासखर्च किती घेतला, एवढंच आत. एका नावापुढे निळ्या शाईत शेरा होता : ‘यापुढे शिबिरास पाठवू नये. चर्चा झाली.’ खाली सही, फेब्रुवारी १९८७. कारण लिहिलेलं नाही. काही पानं उलटली तर तेच नाव मे १९८९च्या शिबिरापुढे. आधी सहप्रमुख होते, आता प्रमुख.

ते नाव माझ्या ओळखीचं होतं. सातवीची परीक्षा देऊन मे १९९०मध्ये मी त्याच संस्थेच्या येऊरच्या शिबिराला गेलो होतो, आठ दिवस, आणि तेच आमचे प्रमुख. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सामानाच्या तंबूत रोज रात्री एका मुलाने राखणीला झोपायचं असा नियम होता, कारण माकडं येऊन शिधा पळवतात. माकडं रात्री येत नाहीत हे आम्हाला बाराव्या वर्षीही कळत होतं. दादाही त्याच तंबूत झोपायचे. आम्ही पोरं त्याला ‘स्टोअर ड्युटी’ म्हणायचो आणि हसायचो. आत काय होतं ते कुणी कधी बोललं नाही, पण ड्युटीची अदलाबदल चालायची. टॉर्चवर, गोट्यांवर, खाऊवर. माझी पाळी आली तेव्हा आईने दिलेले चार रव्याचे लाडू मी कळव्याच्या एका मुलाला दिले आणि ड्युटी त्याच्या गळ्यात मारली. पुढच्या वर्षी तो शिबिराला आला नाही. मी गेलो.

आता अमेरिकेकडे. तिथल्या स्काउट संघटनेकडेही असंच कपाट होतं, फक्त फार मोठं. १९२०च्या दशकापासून ते ‘अपात्र स्वयंसेवकां’च्या फायली ठेवत आले होते. कुणावर संशय आला, कुणाला काढलं, याची नोंद व्हायची, म्हणजे माणूस पुन्हा दुसऱ्या गावात नाव नोंदवू नये. हेतू वाईट नव्हता म्हणू. पण त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत पोलिसांना कळवलंच नाही, आणि काढलेली काही माणसं पुन्हा आत आली. २०१०मध्ये ओरेगन राज्यात एका खटल्यात ज्युरीने संघटनेला १ कोटी ८५ लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. त्या खटल्यात पुराव्यादाखल आलेल्या १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून जास्त माणसांच्या फायली ऑक्टोबर २०१२मध्ये कोर्टाच्या आदेशाने जगासमोर आल्या. साडेचौदा हजारांवर पानं. माझ्या रजिस्टरातला शेरा, साडेचौदा हजार पानभर.

मग न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी जुन्या दिवाणी दाव्यांसाठी मुदतीचं दार काही काळ उघडलं. दावे वाढले आणि फेब्रुवारी २०२०मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरपर्यंत सुमारे ८२ हजार माणसांनी दावे दाखल केले. भरपाईचा निधी ठरला सुमारे २४६ कोटी डॉलर. आकडा डोळे दिपवतो, पण जो फार तपशील न देता लवकर मोकळा होऊ इच्छितो त्याच्या वाट्याला त्यातले साडेतीन हजार डॉलर. संघटना आता नाव बदलून ‘स्काउटिंग अमेरिका’ झालीय.

दिवाळखोरी म्हणजे हिशेब. हिशेबात कुणी कुणाला काय कधी सांगितलं याचा रकाना नसतो. हे मी रोज बघतो. मिशिगनच्या अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकील, डॅना नेसल यांनी २०२१मध्ये राज्य पोलिसांना बरोबर घेऊन चौकशी सुरू केली ती याच रिकाम्या जागेपासून. (आपल्या महाधिवक्त्यांसारखं हे पद नाही. तिथे त्या निवडून येतात आणि स्वतः खटलेही भरतात.) तक्रारींच्या ढिगातून खटले उभे राहिले ते मोजकेच. म्हणून लोक म्हणतात, काय मिळालं?

मला विचाराल तर तुरुंगात कोण गेलं हा यातला सगळ्यात लहान भाग. ज्याच्यावर गुजरलं त्याला आयुष्यभर वाटत असतं की हे आपल्या एकट्यालाच झालं, बहुतेक आपलंच काहीतरी चुकलं. त्याला कपाट उघडता येत नाही. पत्रकाराला कुणी देत नाही. ऑडिटरला दिसलं तरी त्याच्या अहवालात त्यासाठी जागा नसते. किल्ली फक्त सरकारकडे असते. ऑस्ट्रेलियाने २०१३ ते २०१७ संस्थांमधल्या मुलांच्या लैंगिक छळावर शाही आयोग चालवला, त्याला कागद मागवायचे आणि साक्षीला बोलवायचे अधिकार होते. आठ हजारांहून जास्त माणसांना त्यांनी एकेकट्याने, बंद खोलीत ऐकून घेतलं. अडीच हजारांहून जास्त प्रकरणं पोलीस आणि इतर यंत्रणांकडे सोपवली. त्यांच्याच अहवालात एक आकडा आहे : झालेलं पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला माणसाला सरासरी २३.९ वर्षं लागली. चोवीस वर्षांनी तोंड उघडणाऱ्याला तुम्ही ‘इतक्या उशिरा का?’ विचारलंत, तर सरासरी माणसालाच हाकलून दिलंत.

आता ठाण्याचं. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ला. त्याआधीच्या घटनेला तो लावता येत नाही, राज्यघटनेचं कलम २० आड येतं. मग उरतं जुनं दंड विधान. त्यात बलात्काराचं कलम मुली-बायकांपुरतं, विनयभंगाचं ३५४ही तसंच. मुलग्यासाठी उरायचं ३७७, म्हणजे अनैसर्गिक संभोगाचं कलम, तेही जे घडलं ते त्या व्याख्येत बसलं तर. म्हणजे १९९० साली तंबूत बारा वर्षांच्या पोराच्या अंगाशी कुणी चाळे केले, तर मारहाण-बळजबरीची किरकोळ कलमं सोडून कायद्याकडे त्यासाठी धड नावही नव्हतं. २००७ मध्ये केंद्र सरकारने १२,४४७ मुलांशी बोलून केलेली पाहणी आहे, त्यात ५३ टक्क्यांवर मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला होता, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. तरी कायदा यायला आणखी पाच वर्षं लागली.

मुदतीचं असं आहे : ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने घ्यायला जास्तीत जास्त तीन वर्षांची मर्यादा. त्याहून मोठी शिक्षा असेल तर मर्यादा नाही. ३७७ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, तेव्हा तिथे चाळीस वर्षांनीही दार बंद नाही. ३५४ला त्या काळी दोनच वर्षं होती, २०१३ च्या दुरुस्तीत ती पाचपर्यंत गेली. त्यामुळे एखाद्या मुलीचं प्रकरण नव्वदच्या दशकातलं असेल आणि नुसत्या विनयभंगाचं असेल, तर वकील आधी तारीख विचारेल. आणि कोर्टात टिकतं का, तर कुलाब्याच्या एका अनाथ मुलांच्या निवाऱ्याचं प्रकरण बघा. दोन ब्रिटिश नागरिकांना २००६मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८मध्ये हायकोर्टाने सोडलं, मार्च २०११मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली. साक्षीदार रस्त्यावर वाढलेली पोरं होती.

सगळ्या संस्थेची चौकशी मात्र वेगळी गोष्ट. सरकार चौकशी आयोग नेमू शकतं, विशेष तपास पथक (एसआयटी) नेमू शकतं, राज्य बालहक्क आयोगाला कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. धर्मादाय आयुक्तालयालाही ट्रस्टची तपासणी करता येते, पण तिथे कुणी मुलांबद्दल प्रश्न विचारलेला मी बावीस वर्षांत पाहिला नाही. विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज वेळेत भरला का, हे विचारतात.

आणि आपली सवय वेगळी आहे. बदलापूर आठवा, ठाणे जिल्ह्यातलंच. ऑगस्ट २०२४, शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार, २० तारखेला लोकांनी रेल्वे अडवली, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, कळवलं नाही म्हणून संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवरही गुन्हा लागला. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : पोक्सोच्या कलम १९ने कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे आणि कलम २१ खाली संस्थाप्रमुखाने दडपलं तर वर्षापर्यंत कैद. १९८७ साली ‘चर्चा झाली’ लिहिणाऱ्यावर असं काही बंधन नव्हतं. पण बदलापुरात महिन्याभरानंतर, २३ सप्टेंबरला, आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गोळीने मेला, आणि फटाके वाजले. माणूस मेला की आपल्याकडे प्रकरण संपलं असं वाटतं. मिशिगनमध्ये मेलेल्यांच्याही फायली वाचतात. तुमच्या प्रश्नातला फरक मला इथेच दिसतो.

तुम्ही स्वतःसाठी विचारताय की दुसऱ्यासाठी, ते लिहिलेलं नाही, विचारणारही नाही. काही करायचं ठरलंच तर आधी एका वहीत लिहून काढा : साल, इयत्ता, जागा, बरोबर कोण होतं. सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आईने जपलेली पावती, काहीही असो, जपून ठेवा. संस्थेला आधी पत्र पाठवू नका. का, ते सांगतो. रजिस्टर सापडलं त्या दिवशी मी सरळ सचिवांकडे गेलो. सत्तरीपुढचे गृहस्थ, मला चहा दिला, म्हणाले, ‘अहो, तो काळच वेगळा होता. आणि संस्थेत चांगली माणसं पण होतीच की.’ होती, खोटं नाही. पुढच्या मार्चला गेलो तर रजिस्टर नव्हतं. वाळवी लागली म्हणून रद्दीत दिलं म्हणे. शेजारची १९८५ची पावतीपुस्तकं कोरी करकरीत. मी फोटो काढला नव्हता. खिशात मोबाइल होता आणि मी फोटो काढला नव्हता.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, घटना तिथल्या हद्दीतली असायला हवी असं नाही. वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आज एखादं मूल अडचणीत असेल तर १०९८, आणि तिथे वाट बघू नका.

कळव्याचा तो मुलगा मला २०१९मध्ये सापडला, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. घणसोलीला राहतो. हे त्याला विचारूनच लिहितोय. ठाण्याला वाशी लोकलच्या फलाटावर भेटलो, बाकड्यावर बसलो. मी लाडवांचं बोललो, माफी मागितली. तो म्हणाला, ‘चार नव्हते, तीन होते.’ मग मी रजिस्टरचं सांगितलं. त्याने शेरा काय होता ते विचारलं नाही. तारीख विचारली.

‘फेब्रुवारी सत्याऐंशी.’

त्याने बोटांवर मोजलं. ‘मी चौथीत होतो,’ म्हणाला. गाडी लागली, त्याने ती सोडली. मागून आलेलीही सोडली.