शकुंतला रेल्वेची एवढी दुरवस्था का झाली?

मुख्य कारण मालकीचा घोळ. शकुंतलेचा यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा अडीच फुटी नॅरोगेज (अरुंद रुळांचा) मार्ग वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य लाइनवर आणून पुढे मुंबईकडे धाडण्यासाठी ब्रिटिश काळात खाजगी कंपनीने बांधला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी रूळ कंपनीकडेच राहिले आणि गाडी चालवायची मध्य रेल्वेने, असा करार चालू राहिला. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. मग स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) बदलायला, पूल दुरुस्त करायला पैसा घालणार कोण?

त्यात कापूस ट्रकवर गेला आणि मालवाहतुकीचं उत्पन्न आटलं. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण रूळ जुनेच. रूळ खिळखिळे झाले की वेग कमी करावा लागतो, वेग कमी झाला की प्रवासी एसटीकडे वळतात आणि मग 'तोट्यातला मार्ग' म्हणून खर्च आणखी टाळला जातो. शेवटी गाड्या बंदच पडल्या.

दारव्हा, कारंजा, अंजनगाव भागातल्या मजूर-शेतकऱ्यांना परवडणारा हा प्रवास होता, म्हणून हा मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्याची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. जुन्या मार्गाचं नुसतं स्मारक करून ठेवल्याने त्यांचा प्रश्न सुटत नाही.