पोलिसांसमोरची 'कबुली', व्हायरल फोटो आणि एका बहिणीचा प्रश्न

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून गाव-नाव गाळून थोडक्यात सांगतो. ताईंचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे. गावात एकट्या राहणाऱ्या एका आजींचा घरातच खून झाला, अंगावरचे दागिने गेले. भावाने महिनाभर आधी त्या घरात वायरिंगचं काम केलं होतं म्हणून पोलिसांनी त्याला उचललं, आज आठवा दिवस, पीसीआर (पोलीस कोठडी) चालू आहे. शेजारच्या काकूंनी त्या रात्री गेटमधून एक माणूस बाहेर पडताना बघितला, अजून तरी साक्षीदार म्हणून तेवढंच आहे. पण तालुक्यातल्या एका यूट्यूब चॅनलने दुसऱ्याच दिवशी त्याचा फोटो लावून 'नराधमाने दिली कबुली' असं चालवलं, मग त्याचा घटस्फोट निघाला, कॉलेजातली मारामारी निघाली, ऑनलाइन रमी निघाली, आणि हेल्मेट घातलेल्या कुणाची तरी सीसीटीव्ही क्लिप 'हाच तो' म्हणून प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. तालुक्याचे वकील वकीलपत्र घेणार नाहीत अशी चर्चा आहे, भाची शाळेत जायला तयार नाही. ताईंचे प्रश्न तीन: जज हे सगळं बघणार, मग निकाल आधीच लागला का? चॅनलवर केस टाकू का? आणि आम्ही पण व्हिडिओ करून त्याची खरी बाजू सांगू का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते आजच कळायला हवं. व्हिडिओ करू नका. कुणीच नाही, आईने नाही, वहिनीने नाही, मित्रांनी नाही. का ते पुढे सांगतो.

आता कबुलीचं. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून वापरताच येत नाही. हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून जो नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला त्याच्या कलम २३ मध्येही तसाच आहे. कबुली चालायची असेल तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, स्वखुशीने, कुणाच्या दबावाखाली नाही याची खात्री करून, अशी नोंदवावी लागते. फक्त एक फट आहे आणि ती तुमच्या वकिलांनी नीट बघायला हवी. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, म्हणजे समजा 'दागिने अमुक ठिकाणी ठेवलेत, काढून देतो' असं तो पंचांसमोर बोलला आणि खरंच तिथे दागिने मिळाले, तर तेवढ्यापुरतं बोलणं पुराव्यात येतं, तेवढंच, त्याच्या पुढेमागे जे बोलला ते नाही. याला निवेदन पंचनामा म्हणतात. म्हणून चॅनल काय म्हणतंय याच्या मागे न लागता वकिलांना एकच विचारा, निवेदन पंचनामा झालाय का आणि जप्तीत काय मिळालंय. तुमच्या पत्रात जप्तीचा शब्दही नाही. काहीच मिळालेलं नसेल तर ती 'कबुली' कोर्टात शून्य आहे.

घटस्फोट, रमी, मारामारी याबद्दलही कायदा स्पष्ट आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे माणूस वाईट चालीचा आहे हे फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाला सांगता येत नाही, त्या रात्री त्याने ते कृत्य केलं का एवढंच सिद्ध करायचं असतं. पण याला अपवाद आहे, बचाव पक्षाने स्वतःहून 'आमचा माणूस फार चांगल्या चालीचा' असा पुरावा दिला की समोरच्याला वाईट चालीचा पुरावा आणायची वाट मोकळी होते. म्हणून 'तो किती सज्जन आहे ते आम्ही सांगतो' हा जो उमाळा येतो ना, तो मला समजतो, पण तो वकिलांना विचारल्याशिवाय कुठेही बाहेर काढायचा नाही. आणि एक खरं सांगून ठेवतो, जामिनाच्या वेळी मात्र पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद बघितली जाते. कॉलेजातल्या मारामारीची फक्त एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होती असं तुम्ही लिहिलंय, तर तिची नक्कल आत्ताच काढून ठेवा, म्हणजे एन.सी. चं 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' होऊन जामीन अर्जाच्या उत्तरात आली तर तिथल्या तिथे दाखवता येईल.

जज हे बघणार का? बघतीलही, त्याच तालुक्यात राहतात, त्यांच्या घरातही फोन आहे. पण निकालात लिहावं लागतं ते रेकॉर्डवरच्या पुराव्यावरून, आणि वरच्या कोर्टात ते तपासलं जातं. मुंबईतच १९५९ साली नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात उलटं झालं होतं, पेपरवाले आणि लोक आरोपीच्या बाजूने होते, ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, पण हायकोर्टाने पुरावा बघून ते फिरवलं आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. आता ज्युरी नाही. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय की पेपर, टीव्ही किंवा लोकांच्या आंदोलनातून खटला चालवणं हे कायद्याच्या राज्याच्या अगदी विरुद्ध आहे. वातावरण इतकं तापलं की तिथे नीट सुनावणीच होऊ शकत नाही असं खरोखर वाटलं तर फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४७ खाली खटला दुसरीकडे चालवायची मागणी हायकोर्टात करता येते, पण ती फार पुढची गोष्ट, आज तिच्यात शक्ती घालवू नका.

मला काळजी जजची नाहीये ताई. मला काळजी शेजारच्या काकूंची आहे.

त्यांनी रात्री, अंधारात, एक माणूस काही सेकंद बघितला. त्यानंतर तुमच्या भावाचा चेहरा त्यांनी मोबाइलवर किती वेळा बघितला असेल? त्या खोटं बोलतील असं मी अजिबात म्हणत नाही. माणसाच्या आठवणीचं असंच असतं, रोज बघितलेला चेहरा त्या अंधारातल्या अंगावर जाऊन बसतो आणि मग त्या शपथेवर, मनापासून, सांगतील की हाच होता. वीस वर्षांपूर्वी मी अगदी नवीन असताना अशा एका केसमध्ये बसलो होतो, साक्षीदार बाई रडत रडत आरोपीकडे बोट दाखवत होती, आणि उलटतपासणीत तिनेच सांगितलं की ओळख परेडीच्या (साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखायच्या) आधी पेपरात फोटो बघितला होता. आरोपी सुटला. पण तोपर्यंत त्याची साडेतीन वर्षं जेलमध्ये गेली होती. आणि त्या घरच्यांना आपल्या माणसाला कुणी मारलं हे आजपर्यंत कळलेलं नाही. फोटो छापणाऱ्याने दोन्ही घरांचं वाटोळं केलं.

म्हणून सगळ्यात पहिलं काम ओळख परेडीचं. ती पोलीस घेत नाहीत, पोलिसांच्या सांगण्यावरून कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुतेक वेळा जेलमध्ये, तशाच वयाच्या-बांध्याच्या डमींमध्ये उभं करून. म्हणून तर आरोपीला कोर्टात आणताना तोंडावर फडकं असतं, लोकांना वाटतं तोंड लपवतोय, खरं म्हणजे त्याचा चेहरा साक्षीदारासाठी कोरा ठेवायचा असतो. तुमच्या केसमध्ये तो कोरा राहिलेलाच नाही. पुढच्या रिमांडच्या तारखेला वकिलांनी लेखी अर्ज द्यायचा, की अमुक तारखेला अमुक चॅनलने फोटो दाखवला, तेव्हापासून तो सगळीकडे फिरतोय, आमची ओळख परेडीला या कारणाने हरकत आहे, हे रेकॉर्डवर घ्यावं. परेडीला जायला सरळ नकार देऊ नका, कारण नुसता नकार दिला तर पुढे त्याचा अर्थ विरुद्ध लावला जाऊ शकतो. हरकत नोंदवून जायचं की नाही हे वकील ठरवतील, पण हरकत परेडीच्या आधीच्या तारखेची असली पाहिजे, नंतर केलेल्या तक्रारीला तेवढं वजन राहत नाही.

त्याच दिवशी दुसरा अर्ज सीसीटीव्हीसाठी. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं) रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, हे आरोपीच्या घरच्यांना फार उशिरा कळतं. व्हॉट्सॲपवरची क्लिप कोर्टात चालत नाही, मूळ डीव्हीआर, जप्ती पंचनामा, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि त्यात हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) असं सगळं लागतं. पण तुम्हाला नुसतं 'ती क्लिप चालत नाही' एवढ्यावर थांबून चालणार नाही, तुम्ही लिहिलंय की त्या रात्री तो पंपावर पेट्रोल भरून मित्राच्या दुकानी गेला होता, मग पंपाचा कॅमेरा, दुकानासमोरचा कॅमेरा, यूपीआयची नोंद, फोनचं लोकेशन, हे सगळं जपून ठेवायचा आदेश कोर्टाकडून मागा. पंपवाल्याकडे स्वतः जाऊन डीव्हीआर मागू नका, नंतर 'पुराव्यात ढवळाढवळ केली' असं म्हणतील. शेजारच्या काकूंकडे तर कुणीही जायचं नाही, चहाला बोलावलं तरी नाही, साक्षीदाराशी बोललात या एका कारणाने जामीन हातचा जाऊ शकतो.

आता व्हिडिओचं कारण. तुम्ही भावनेच्या भरात कॅमेऱ्यासमोर म्हणाल 'तो रात्री घरीच होता', आणि डीव्हीआरमध्ये तो साडेनऊला पंपावर दिसेल. तुमचं म्हणणं असेल की घरी म्हणजे गावातच, बाहेरगावी नव्हता. पण उद्या तुम्ही बचावाच्या साक्षीदार म्हणून उभ्या राहिलात की सरकारी वकील तोच व्हिडिओ लावून विचारतील, तेव्हा खरं बोललात की आता? आधीचं वेगळं बोलणं साक्षीदाराच्या तोंडावर मारायची कायद्यात सोय आहे. एका वाक्याने खरी असलेली बाजू खोटी दिसायला लागते.

चॅनलबद्दल. मुंबई हायकोर्टाने १८ जानेवारी २०२१ ला नीलेश नवलखा केसमध्ये निकाल दिला, सुशांत सिंह राजपूत प्रकरणातल्या कव्हरेजवरून, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांचं खंडपीठ होतं, आणि याचिका करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्राचे निवृत्त पोलीस अधिकारीही होते. तपास चालू असताना काय करू नये ते त्यात एकेक करून लिहिलंय: आरोपीच्या किंवा मयताच्या चारित्र्यावर बोलून पूर्वग्रह तयार करणं, साक्षीदारांच्या मुलाखती, पोलिसांसमोरची कबुली हा जणू ग्राह्य पुरावाच आहे असं लोकांना भासवणं, ओळख पटायला सोपं जाईल असे आरोपीचे फोटो छापणं. तुमच्या चॅनलने यातलं बहुतेक सगळं केलंय. न्यायालय अवमानाच्या कायद्यात खटला 'प्रलंबित' धरतात तो दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झाल्यावर किंवा कोर्टाने समन्स-वॉरंट काढल्यावर, म्हणून चॅनलवाले म्हणतील अजून दोषारोपपत्र कुठे आहे. हायकोर्टाने मात्र न्यायदानात अडथळा आणण्याचा प्रश्न त्याआधीच्या टप्प्यातही येऊ शकतो असं म्हटलंय. पण खाजगी माणसाला फौजदारी अवमानाची याचिका करायची तर महाधिवक्त्यांची (राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलांची) संमती लागते, त्यात वेळ जातो.

म्हणून माझं मत असं, आत्ता फक्त वकिलामार्फत नोटीस. तिच्यात चॅनलला सांगायचं, फोटो हटवा, भाचीचा शाळेच्या गणवेशातला फोटो तर आजच्या आज हटवा, 'कबुली'चे व्हिडिओ हटवा, आणि तीच तक्रार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही करा. नोटीस पाठवायच्या आधी मात्र सगळं जपा, लिंक, तारीख, किती लोकांनी बघितलं तो आकडा, स्क्रीन रेकॉर्डिंग, आणि ज्या फोनवर घेतलं तो फोन विकू नका की फॉरमॅट करू नका. कारण तो व्हिडिओ उद्या काकूंच्या उलटतपासणीत तुमच्याच कामाला येणार आहे. बदनामीचा भरपाईचा दावा करायचा तर मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षच आहे, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मॅजिस्ट्रेटकडे बदनामीची तक्रारही करता येते, तिला तीन वर्षं मिळतात. ग्रुप ॲडमिनच्या मागे लागू नका, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिन नुसता ॲडमिन म्हणून जबाबदार होत नाही.

पोलिसांनी अटकेची माहिती देणं यात गैर काही नाही, अटक झालेल्याचं नाव आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात लावायचं हे कायद्यातच आहे. पण 'कबुली दिली' हे ठाण्यातून बाहेर आलं कसं? भीमा कोरेगाव प्रकरणात ऑगस्ट २०१८ ला पोलिसांनी पत्रकार परिषदेत पत्रं वाचून दाखवली होती, त्यावर सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती चंद्रचूडांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात कडक शब्दांत लिहिलं. आणि १३ सप्टेंबर २०२३ ला त्याच कोर्टाने पोलिसांनी माध्यमांशी कसं बोलावं याची नियमावली तयार करायला गृह मंत्रालयाला सांगितलं. तुमच्या वकिलांनी एसपींना एक पत्र जरूर द्यावं, त्याची पोच घ्यावी.

वकिलांचं म्हणाल तर बार असोसिएशनने 'या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये' असा ठराव केला तरी तो बेकायदेशीर आहे, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोहम्मद रफी केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आजच अर्ज द्या. जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील बघितलात तरी चालेल, पण रिमांडच्या तारखेला भाऊ एकटा उभा राहायला नको.

भाचीच्या मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, फोनवर नाही. बाबांबद्दल वर्गात कुणी काही विचारणार नाही एवढं एकच मागा. आणि तिला घरी खरं सांगा, की कोर्टाने अजून काहीच ठरवलेलं नाही. तिच्या हातातला फोन काही दिवस तुमच्याकडे ठेवा. रिमांडची तारीख गुरुवारी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दोन्ही अर्ज बुधवारी रात्रीपर्यंत टाइप होऊन तयार पाहिजेत. वकील ठरले की त्यांना हा सगळा मजकूर दाखवा, केसचे कागद त्यांच्या हातात असतील तेव्हा त्यांचं मत माझ्यापेक्षा वरचं.