कोथरूडचा फ्लॅट आणि फर्झटनचं घर

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या फर्झटनमध्ये भाड्याने राहतो. याच एस्टेटमध्ये (वसाहतीत) तीन बेडरूमचं घर आवडलं, 3 लाख 75 हजार पौंडांची ऑफर दिली आणि मालकाने ती मान्य केली. एजंट म्हणतो तुम्ही फर्स्ट टाइम बायर, स्टॅम्प ड्युटी कमी बसेल. पण कोथरूडला एक फ्लॅट आहे, मिस्टरांच्या आणि सासऱ्यांच्या नावावर, राहतात सासू-सासरेच. तो सांगायचा का? आणि बाबा रोज फोनवर विचारतात, टोकन दिलं का, पावती घेतली का. इथं टोकन कोणी मागतच नाही! घर हातचं जाणार तर नाही ना?
– एक वाचक, फर्झटन

उत्तर : आधी कोथरूडचं बोलू, कारण पैसा तिथं अडकलाय. सांगायचाच, आणि आजच सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला, ईमेल करून सांगायचा. इंग्लंडात फर्स्ट टाइम बायर म्हणजे ज्याने जगात कुठेही, कधीही घराची मालकी घेतलेली नाही असा माणूस. अर्धा हिस्सा असला तरी ती मालकीच, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही तसे हवेत. एजंटला हे माहीत नसेल किंवा त्याने विचारलंच नसेल, त्याला कमिशन विकणारा देतो, तुमच्या टॅक्सची काळजी त्याने का करावी.

आता आकडे बघा. 1 एप्रिल 2025 पासूनच्या दराने या घरावर फर्स्ट टाइम बायरला 3,750 पौंड ड्युटी बसते, नेहमीच्या खरेदीदाराला 8,750, आणि ज्याच्याकडे आधीच दुसरं घर आहे त्याला संपूर्ण किमतीवर 5 टक्के जादा, म्हणजे 27,500. ही जादा ड्युटी परदेशातलं घर धरूनच लावतात, आणि घर एकट्या तुमच्या नावावर घेतलं तरी सुटका नाही, नवरा-बायकोला यात एकत्रच धरतात. फक्त मिस्टरांच्या हिश्श्याची आजची बाजारभावाने किंमत 40 हजार पौंडांच्या आत असेल तर ही जादा ड्युटी लागत नाही. आता कोथरूडचे भाव मी सांगायला नको, पण जुना वन बीएचके असेल आणि निम्मा हिस्सा असेल तर गणित काठावर येऊ शकतं, म्हणून तिकडच्या सरकारी नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून लेखी किंमत काढून घ्या, अंदाजपंचे नको.

मिस्टरांनी आपला हिस्सा सासऱ्यांच्या नावावर करून द्यायचा, हा मार्ग लोक सुचवतात. इथलं कम्प्लीशन, म्हणजे पैसे भरून घर नावावर होणं, त्याआधी तो कागद खरोखर नोंदवला गेला तर जादा 5 टक्के टळू शकतात, फर्स्ट टाइम बायरची सवलत मात्र परत येत नाही, एकदा मालक झालात की झालात. आणि तिकडे मुद्रांक शुल्क किती, भावंडांचं म्हणणं काय, हे आधी बघा. इकडे वीस हजार पौंड वाचवायला जाऊन तिकडे घरात भांडण लावून घेतलेली मंडळी आहेत.

आता बाबांचं टोकन. त्यांची काळजी चुकीची नाही, आपल्याकडे टोकन दिल्याशिवाय व्यवहार झाला असं कोणी मानत नाही. इथं ऑफर मान्य झाली याचा अर्थ इतकाच की दोन्ही बाजूंची इच्छा आहे. करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कोणीच बांधील नाही, मालक उद्या पाच हजार जास्त देणाऱ्याला घर देऊ शकतो आणि तुम्हीही एक पैसा दंड न भरता मागे फिरू शकता (सॉलिसिटरची फी आणि सर्व्हेचे पैसे तेवढे जातात). साधारण 10 टक्के डिपॉझिट एक्स्चेंजच्या दिवशी जातं, तेही सॉलिसिटरकडून, तोवर एजंटच्या खात्यात काही भरू नका. मधल्या काळात तुमच्या हातात इतकंच, की घर बाजारातून काढून घ्यायला सांगा आणि कागद मागितला की त्याच दिवशी द्या. मालक स्वतः दुसरं घर घेत असेल तर ती साखळी लांबते, तीन-चार महिने सहज.

पैसे भारतातून येणार असतील तर आत्ताच हालचाल करा. सासरे किंवा बाबा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, पण 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून घेते. तो कर रिटर्न भरताना परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. सॉलिसिटर गिफ्टचं पत्र मागेल, आणि ते पैसे त्यांच्याकडे कुठून आले हेही, एफडी मोडली तर एफडीची पावती, प्लॉट विकला तर विक्रीखत. ‘घरचेच पैसे आहेत हो’ हे उत्तर इथं चालत नाही.

घराबद्दल थोडंसं. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही, तुम्ही स्वतःचा लेव्हल टू सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची तपासणी, करून घ्या. आपल्या भागातली बरीचशी घरं ऐंशीच्या दशकातली, तेव्हा गॅरेजची खोली केली असेल किंवा मागे कन्झर्व्हेटरी (काचेची खोली) जोडली असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचा दाखला मागा. फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकी, आहे ना, तेही बघा. जुन्या एस्टेटमधल्या मोठ्या बागा आणि तळी पार्क्स ट्रस्ट हा इथला धर्मादाय ट्रस्ट सांभाळतो, त्याला 1992 साली जमिनी आणि भाड्याच्या इमारती देऊन ठेवल्यात, त्यावर त्याचं चालतं. नव्या वसाहतींमध्ये मात्र बरेचदा दरवर्षी एस्टेट चार्ज (सामायिक जागांच्या देखभालीचा खर्च) लावतात, एखादी मैत्रीण तिकडे घर बघत असेल तर तिलाही सांगा. आणि एकदा कॉन्सर्टच्या रात्री घराबाहेर उभं राहून बघा, बाउल हे कॉन्सर्टचं उघडं मैदान तिथून लांब नाही.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. आमच्या एस्टेटमध्ये दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही, बाबा म्हणतात ही कसली वस्ती. काय करू?
– एक वाचक, शेनली ब्रुक एंड

उत्तर : बाबांचं खरंय! हे शहर 1967 ला ठरलं, मग कागदावर आखलं, मोठे रस्ते झाडांच्या आणि मातीच्या उंचवट्यांच्या आड लपवले आणि घरं आत वळवून बसवली, त्यामुळे खिडकीतून दिसते ती दुसऱ्याची गाडी. माणसं रेडवेवर असतात. ती लाल डांबराची वाट मोठ्या रस्त्यांच्या बहुतेक खालून किंवा वरून जाते, तिथं गाडी आडवी येत नाही, सकाळी दहाला त्यांना फर्झटनच्या तळ्यावर घेऊन जा आणि दोन-चारदा तुम्ही सोबत चाला, कारण तिथली वळणं सारखीच दिसतात आणि पहिल्या आठवड्यात सगळेच चुकतात. कुत्रा फिरवणारे रोज त्याच वेळेला येतात, बाबांनी हवापाण्यापासून सुरुवात केली की पुढचं आपोआप होतं. गुडघे दुखत असतील तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी फुकट होते, पण हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर व्हिजिटरला दीडपट बिल लावतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय ना, आणि जुनी दुखणी त्यात लिहिली आहेत का, ते आजच तपासा.