टीम मोठी केली तर स्ट्रॅटेजी गेमचे डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडायचे विकतचे भाग) सुधारतील का?

थोडेफार. चित्रं, आवाज, टेस्टिंग इथं माणसं वाढवली की फरक दिसतो. नियम आणि एआयच्या कोडमध्ये मात्र उलटं होतं: ५ जणांत बोलण्याच्या १० जोड्या, १० जणांत ४५, शिवाय नव्याला शिकवण्यात जुन्याचाच वेळ जातो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीतले कामगार दुप्पट केले म्हणून कास्टिंग लवकर थंड होतंय होय?

खरी गोची वेगळीच. प्रत्येक डीएलसी ऐच्छिक, म्हणजे १० डीएलसींच्या चालू-बंद मिळून १०२४ जुळण्या, आणि नवा नियम त्या सगळ्यांत चालायला हवा. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या स्ट्रॅटेजी गेमचा 'लेव्हायथन' हा डीएलसी २०२१ मध्ये बगांनी भरलेला आला, तेव्हा काम नव्या स्टुडिओकडे होतं. माणसं घ्याच, पण आधी टेस्टर, आणि तेही रिलीजच्या वर्षभर आधी. शेवटच्या दोन महिन्यांत घेतलेली भरती नुसती अडचण.