बाईंच्या वह्या

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुरातत्त्वातल्या तुझ्या गाईड, आपल्या बाई गेल्याचं मलाही फार लागलं आहे. विभागाने स्मृतिग्रंथासाठी तुझ्याकडे लेख मागितला हे योग्यच झालं. लिही, पण ‘ऋषितुल्य’, ‘ज्ञानाचा सागर’ असलं काही नको. खापर हातात आलं की बाई आधी काय पाहत, काठ की आतली बाजू? थराची नोंद चुकली की काय विचारत? ते लिही. शेवटची वर्षं त्यांच्या शेजारी बसून तू काम केलंस.

लेखापेक्षा मला काळजी आहे ती त्यांच्या उत्खननाच्या वह्यांची. आपल्या विषयात खणणं म्हणजे जागा कायमची मोडणं. एकदा काढलेला थर परत रचता येत नाही. मागे उरतात नोंदी, रेखाटनं, फोटो आणि लेबल लावलेल्या पिशव्या. अहवाल निघाला नाही, तर ती पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, गेलीच म्हणायची.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी ही जबाबदारी किती मानली बघ. नेवाशाचं उत्खनन १९५४ ते ५६ मधलं, त्याचा अहवाल १९६० मध्ये छापून आला. इनामगावला १९६८ मध्ये सुरुवात झाली, काम वर्षानुवर्षं चाललं, आणि ढवळीकर, सांकलिया, अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. जानेवारी १९८९ मध्ये सांकलिया गेले. घोड नदीकाठच्या इनामगावचे ते प्राचीन शेतकरी लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडत. हे आज कुणीही वाचू शकतं, कारण ते छापलं गेलं.

बाईंचं अक्षर आणि समासातल्या खुणा तुला लागतात. आठवण ताजी आहे तोवर प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून ठेव. तेरावा झाला की त्यांच्या घरी जा. घर आवरताना कागद रद्दीत जातात, त्यात कुणाचा दोष नसतो. विभागाची रीतसर परवानगी घेऊन सगळं स्कॅन कर. ट्रेंचमध्ये राबलेल्या गावकऱ्यांनाही भेट. त्यांना वहीत नसलेलं बरंच आठवत असतं.

नवा गाईड लवकर ठरव, मनात अपराधी वाटून घेऊ नकोस. पीएचडी पूर्ण झाली तरच अहवालाला तुझा वेळ मिळेल. अहवालावर पहिलं नाव बाईंचं राहू दे.

सुट्टीत वह्या घेऊन इकडे ये. खापरांचे तक्ते आपण दोघं मिळून लावू.

तुझा,
काका