पाणीपट्टी नेमकी किती लावायची? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : जल जीवन मिशनमधून घरोघरी नळ आले. ४०० कुटुंबं, लोकसंख्या २,०००, पाणीपट्टी वर्षाला ६०० रुपये. तरी पंपाचं वीजबिल थकतंच. पट्टी वाढवायचं नाव काढलं की ग्रामसभेत आरडाओरडा. किती पट्टी रास्त?
– ग्रामपंचायत सदस्य, बीड जिल्हा

उत्तर : आकडा आधी आणि हिशेब नंतर सांगितला की आरडाओरडा होणारच. उलट करा, हिशेब फळ्यावर मांडा.

मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. २,००० माणसांना १,१०,००० लिटर, गळतीसकट १,३०,००० उपसावं लागेल. विहिरीपासून उंच टाकीपर्यंतची चढण, पाइपातलं घर्षण धरून, ६० मीटर असेल तर साडेसात एचपीचा पंप तासाला साधारण २०,००० लिटर चढवतो. म्हणजे रोज साडेसहा तास. तासाला ६.६ युनिट धरले तर दिवसाचे ४३, महिन्याचे १,२९०. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून तुमचा खरा दर काढा. ८ रुपये निघाला तर वीज १०,३०० रुपये.

पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे १२,००० धरू. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे रोज ६५० ग्रॅम, महिन्याला २० किलो, ८०० रुपये. हे प्रमाण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं आहे. उघडं पोतं दमट खोलीत पडलं की क्लोरीन उडून जातो. मग पावडर टाकूनही शेवटच्या नळावर ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या चाचणीला) पिवळा रंग येत नाही. व्हॉल्व्ह, पॅकिंग, मोटार रिवाइंडिंगला सरासरी ५,०००, आणि पुढच्या पंप-केबलसाठी बाजूला ३,०००. हा शेवटचा आकडा सगळे गाळतात आणि मोटार जळाली की वर्गणी काढत फिरतात.

बेरीज ३१,१००. ४०० घरांवर ७८ रुपये महिना. पण वसुली ७५ टक्केच धरा: १०४ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १,२५०. तुमचे ६०० रुपये शंभर टक्के वसूल झाले तरी महिन्याला २०,००० येतात. त्यात पगार आणि दुरुस्ती निघते, बिल मागे राहतं. पगार, पावडर, दुरुस्तीचे आकडे आम्ही नमुन्याला धरलेत. तिथे तुमचे घाला.

मात्र दर वाढवण्याआधी एक काम करा. रात्री टाकीचा खाली सोडायचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, खुणा केलेला बांबू टाकीत उभा धरा आणि पंप बरोबर एक तास चालवा. टाकीचा आतला व्यास ६ मीटर असेल तर २०,००० लिटरला पाणी ७० सेंटिमीटर चढायला हवं. ४५च चढलं, तर पंप ताशी २०,००० नव्हे, पावणेतेरा हजार लिटरच पोचवतोय. तेवढ्याच पाण्याला साडेसहाऐवजी दहा तास लागतात. महिन्याला ७४० युनिट, जवळपास ५,९०० रुपये फुकट. पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज असेल तर दोष कुठे तेही बऱ्याचदा कळतं. दाब आणि अँपिअर दोन्ही नेहमीपेक्षा कमी असतील तर इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) झिजलाय. दाब कमी पण अँपिअर जास्त असतील तर ऊर्ध्ववाहिनी (पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप) फुटलीय, पंप मोकळा वाहतोय.

पट्टी नमुना ९ मध्ये (ग्रामपंचायतीच्या कर मागणीच्या वहीत) मागणी म्हणून चढवा, वसुलीला नमुना १०ची पावती द्या. हप्ता सोयाबीन-कापसाचे पैसे हातात येतात तेव्हा मागा. मे महिन्यात दारात जाणारा सदस्य फक्त शिव्या खातो.

प्रश्न : वीजबिल वित्त आयोगाच्या निधीतून भरता येतं ना? आणि लोकवर्गणी कशाला?
– वाचक, यवतमाळ

उत्तर : १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा) होता, त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. पाणीपुरवठ्याची वीजबिलं यातून भागवायला राज्यात २०२१ मध्ये मुभा मिळाली. पण हप्ता कधी येईल ते तुमच्या हातात नाही आणि बिलाची तारीख थांबत नाही. थकबाकी फेडायला हा निधी ठीक, दरमहाच्या खर्चाला नाही.

मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत लोकवर्गणी गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के आहे. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींच्या गावांत ५ टक्के. रोख, श्रम किंवा वस्तू चालतात. योजना नीट चालू झाल्यावर खर्चाच्या १० टक्के रक्कम गावच्या पाणी समितीला फिरता निधी म्हणून देण्याची तरतूदही त्यातच आहे. ती मागितली का, हे ठरावाच्या वहीत बघा.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत भुयारी गटार नाही. सेप्टिक टँक ओसंडल्यावरच गाडी बोलावतात. याला पैसा कुठून?
– नगरसेविका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने ठरलेल्या क्रमाने, तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसायची पद्धत बसवली. घराने एकरकमी मोजायचं नाही. खर्च स्वच्छता कर आणि मालमत्ता करातून, आणि ठेकेदाराला पैसे उपसलेल्या टाक्यांच्या हिशेबाने. ६,००० टाक्या असतील तर वर्षाला २,०००, ३०० दिवसांत रोज सात. गाडीच्या दिवसाला तीन-चार खेपा धरल्या तर दोन गाड्या पुरतात. एका उपशाला १,५०० रुपये धरले तर घरामागे वर्षाला ५०० पडतात.

अडतं ते टाकीच्या झाकणापाशी. कित्येक टाक्यांवर फरशी किंवा जिना आलेला असतो. म्हणून ठेक्याआधी घरोघरी पाहणी करून झाकण कुठे, रस्ता किती रुंद, पाइप किती लांब लागेल ते नोंदवा. फरशी फोडायचा खर्च कुणाचा ते करारात लिहा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि मैला नेऊन टाकायची प्रक्रियेची जागा तयार नसेल तर गाडी रात्री नाल्यातच रिकामी होते. आधी जागा, मग गाडी.

प्रश्न : पुणे महापालिकेने पाण्यासाठी कर्जरोखे काढले, छोट्या गावाला जमेल?
– वाचक, सांगली

उत्तर : एकट्याने नाही. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटी रुपये उभारले, ते मोठ्या करवसुलीच्या आणि पतमानांकनाच्या बळावर. लहानांसाठी तमिळनाडूने २००२ मध्ये वाट काढली: १३ नगरपालिकांची गरज एकत्र करून सुमारे ३० कोटींचे रोखे, मुदत १५ वर्षं. गुंतवणूकदार आधी वसुलीचा इतिहास बघतो. तेव्हा गेल्या तीन वर्षांचं मागणी-वसुलीचं पत्रक आधी पूर्ण करा.