आजोबांच्या रायफलीवर बोअरच कोरलेला नाही. कोणतं काडतूस चालेल हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते एवढं: वाईजवळचं गाव, आजोबांची बोल्टची रायफल (मागची दांडी हाताने सरकवून भरायची), ॲक्शन म्हणजे भरण्या-झाडण्याची यंत्रणा जर्मन मॉझरसारखी, नळी आणि लाकूड नंतर बदललेलं, नळीवर बोअरचा (आतल्या व्यासाचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा) छाप नाही, परवान्यावर नुसतं ‘रायफल’ आणि नंबर. शिवाय डब्यात चार जुनी काडतुसं सापडलीत आणि त्यातलं एक घालून बोल्ट बंद होतो का बघावं, असं तुमच्या मनात आहे.

ते करू नका. बोल्ट बंद झाला म्हणजे काडतूस त्याच रायफलीचं, असं होत नाही. .३०-०६ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) .३०८ चं काडतूस सहज जातं, १२ मिलिमीटर आखूड असूनही. एक्स्ट्रॅक्टरने (बोल्टवरच्या, काडतूस मागे ओढणाऱ्या आकड्याने) धरून ठेवलं तर उडतंही आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फाटते. जर्मन ८×५७ चं तर आणखी वाईट. जुन्या ‘जे’ नळीची गोळी .३१८ इंची, नंतरच्या ‘जेएस’ची .३२३. पुंगळी जवळपास तीच, त्यामुळे जेएसचं काडतूस जुन्या नळीत विनातक्रार बसतं आणि दाब भलताच चढतो. फरक किती, तर ०.१३ मिलिमीटर.

परवाना वडिलांच्या नावावर झालाय असं धरून पुढचं लिहितो. झाला नसेल तर आधी रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. मूळ परवानाधारक वारल्यावर वारसाला ती घरात ठेवता येत नाही (शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१). आणि एक नीट बघा: बोअरचा छाप नसणं वेगळं आणि नंबर खोडलेला असणं वेगळं. नंबर घासलेला दिसला तर दुरुस्तीवाल्याकडेही नेऊ नका, सरळ जिल्हाधिकारी कार्यालयातल्या परवाना शाखेत लेखी कळवा. सातारा-सांगलीकडे औंध, फलटण, मिरज, जत अशी संस्थानं होती. त्या काळच्या परदेशी रायफली आजही घराघरांतून निघतात आणि त्यातल्या कित्येकींच्या नळ्या बदललेल्या असतात.

आता ओळख. मॅगझीन रिकामं, चेंबर रिकामं, दोन्हींत बोट घालून खात्री. मग खालचे दोन ॲक्शन स्क्रू नेमक्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवून लाकूड उतरवा. प्रूफचे, म्हणजे नळीची दाबचाचणी झाल्याचे, छाप बऱ्याचदा नळीच्या पोटाला, लाकडाखाली असतात. बर्मिंगहॅम किंवा लंडनचे मुकुटाचे शिक्के दिसले तर शेजारी बोअर आणि पुंगळीची लांबी सापडू शकते. रॉकेल लावून मऊ ब्रशने पुसा. सँडपेपर लावलात तर उरलेसुरले छापही जातील. सापडलेला आकडा मात्र त्या नळीचा पहिला चेंबर सांगतो. पुढे कुणी रीमर (चेंबर कोरून मोठा करायचं हत्यार) फिरवला असेल तर तो खोटा पडतो.

पुढचं माप बोल्टच्या तोंडाचं. पुंगळीचा तळ जिथे बसतो ती गोल खाच साधारण १२ मिलिमीटर असेल तर ७×५७, ८×५७, .३०८, .३०-०६ ही सगळी मंडळी शर्यतीत राहतात. १३.५ च्या आसपास असेल तर .३७५ मॅग्नमचं घराणं. आणि बोल्ट मुळात मॉझरचा नसून ली-एनफिल्डचा निघाला (पकडीचे लग, म्हणजे बोल्ट अडकवणारे दात, मागच्या बाजूला, घोडा बोल्ट पुढे ढकलताना चढतो) तर .३०३, .३१५ किंवा ७.६२ यांचा विचार करा. नळीत आटेच (गोळीला फिरकी देणाऱ्या पन्हळीच) नसतील तर ती पोलिसांसाठी बदललेली .४१० मस्केट असू शकते. .३०३ निघाली तर बोअर प्रतिबंधित आहे, त्यामुळे त्यापुढचा प्रश्न काडतुसाचा उरत नाही, परवान्याचा होतो.

मॅगझीनच्या लांबीवरून ओळखायचा सल्ला बरेच जण देतात. मॉझर ९८ च्या पेटीत ८×५७ आणि .३०-०६ दोन्ही मावतात, तेव्हा त्यावर विसंबू नका.

तिसरं माप नळीचं. मऊ, शुद्ध शिशाचा गोळा घ्या, मासेमारीच्या गळाचं वजन चालतं. गाडीच्या चाकाला लावायची वजनं नकोत, त्यातलं शिसं कडक असतं. गोळा बोअरपेक्षा किंचित मोठा हवा. नळीला आतून तेलाचा हात, पितळेची कांडी, तोंडाकडून हलक्या हातोडीने आत आणि एका दमात पार. मध्येच गोळा सैल पडला तर नळी तिथे फुगलेली किंवा झिजलेली आहे. बाहेर आलेल्या शिशावर आट्यांचे उंचवटे दिसतात. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर मायक्रोमीटरने घ्या, व्हर्नियर इथे पुरत नाही. ७.२४ आलं तर ७ मिमी, ७.८२ आलं तर .३०, ८.०८ म्हणजे जुनी जे, ८.२० म्हणजे जेएस. ली-एनफिल्डला आटे पाच, त्यामुळे समोरासमोर उंचवटा येतच नाही आणि साधं माप कमी भरतं. तिथे व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) लागतो. शिवाय झिजलेली .३०३ नळी ८ मिलिमीटरपर्यंत भरू शकते, म्हणून एकट्या या आकड्यावर निकाल देऊ नये. मायक्रोमीटरसाठी सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे जा, पण फक्त शिशाचा तुकडा घेऊन. रायफल त्याच्या टेबलावर ठेवायची नाही, त्याच्याकडे शस्त्राचा परवाना नसतो.

खरा निकाल चेंबरच्या ओतीव ठशात आहे आणि हे काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. तो सेरोसेफ नावाचा, ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळणारा मिश्रधातू वापरतो. नळीचं तोंड खाली, चेंबरच्या पुढे इंचभर कापसाचा बोळा, आत अगदी पातळ तेल आणि मग ओत. बोळा जास्त मागे राहिला तर गळ्याचा ठसा येत नाही. धातू वर सांडून लगच्या खाचेत गेला तर ठसा अडकतो, मग गरम करून सोडवत बसा. ओतीव पहिल्या अर्ध्या तासात आकसतं, म्हणून ते तेवढ्यात तोंडाकडून कांडीने ढकलून काढतात, आणि तासाभराने मापतात. तेव्हा ते चेंबरच्या मापाला येतं. आठवड्याने मापलं तर फुगलेलं निघेल. यात शिसं आणि कॅडमियम असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात वितळवायचं नाही.

गनस्मिथकडून चार आकडे लिहून मागा: मागचा व्यास, खांद्याचा व्यास, मानेचा व्यास, मानेच्या टोकापर्यंतची लांबी. लांबी ५१ च्या आसपास आणि नळी ७.८२ असेल तर .३०८, ६३ आणि ७.८२ असेल तर .३०-०६, ५७ आणि ८.२० असेल तर ८×५७ जेएस. ६० आणि ८.२० असेल तर ८×६० एस. ६३ आणि ८.२० जुळलं तर कुणीतरी .३०-०६ ची पुंगळी ८ मिमी गोळीला बसवलेली आहे. तसलं काडतूस दुकानात मिळत नाही आणि विनापरवाना घरी भरणं हा गुन्हा आहे.

डब्यातल्या काडतुसांचा तळ वाचा, ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. त्यावरून आजोबा काय वापरत असावेत याचा अंदाज येतो, पण ती या रायफलीची होती याला पुरावा नाही. ती उडवू नका. परवान्यात बसत नसतील तर जमा करा.

बोअर नक्की झाला तरी हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी लांबीची जागा) तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही. ‘गो’ गेजवर (काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर नाही. नळी बदललेल्या रायफलीत गडबड असते ती बहुतेक इथेच.